बाबांच्या माऊसची दोन बटणं

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. चालणं बोलणं सगळं परत आलं, पण डाव्या हाताची बोटं अजून नीट ताब्यात नाहीयेत, चहाचा कप धरता येतो पण करंगळीने कंट्रोल दाबून ठेवून त्याच वेळी दुसऱ्या बोटाने सी दाब म्हटलं की हात घसरतो आणि भलतंच काहीतरी दाबलं जातं. आणि बाबांचं तर सगळं काम कॉपी पेस्टवरच चालतं. ठाण्यातल्या तलावांवर लिहितायत ते, मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन एकेक घेऊन. मराठी ग्रंथ संग्रहालयात बसून वहीत टिपणं काढायची (१८९३ पासूनची संस्था, बाबांना फार अभिमान तिचा), घरी येऊन ती टाइप करायची, मग हा परिच्छेद उचल तिकडे टाक, ती तारीख वर घे, असं रोज दोन-तीन तास. आजारपणानंतर हे जवळजवळ थांबलं होतं. राइट क्लिक करून मेनूतून कॉपी निवडता येतं, पण उजवा हातही आता पूर्वीसारखा स्थिर नाही, मेनूतल्या बारीक ओळीवर नेम धरेपर्यंत ते कंटाळून उठतात हे मला आईने फोनवर सांगितलं आणि तेव्हाच ठरवलं की काहीतरी करायचं.

मी ऐरोलीत राहते, आई-बाबा नौपाड्यात. दर रविवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जाते, तेव्हा हे सगळं काम तीन-चार रविवार आणि मधल्या संध्याकाळी असं तुकड्यातुकड्यात झालंय.

कल्पना साधी होती. अंगठ्याजवळ दोन जादा बटणं असलेला माऊस आणायचा, एका बटणाला कॉपी, एकाला पेस्ट. अंगठा उजवा, तो व्यवस्थित आहे. बाबांच्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट आहे, मीच तीन वर्षांपूर्वी इन्स्टॉल करून दिलेलं कारण मशीन जुनं आणि बाबांना फक्त लिबरऑफिस (लिहायचा प्रोग्राम) आणि ब्राउझर लागतो. स्टेशनजवळच्या एका दुकानातून वायरवाला माऊस घेतला, खोक्यावर "सर्व बटणं प्रोग्राम करा" असं ठळक छापलेलं, घरी येऊन बघितलं तर ते करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी. म्हटलं ठीक आहे, लिनक्समध्ये काहीतरी असेलच, माऊस जोडला आणि बाबांना तसाच वापरायला देऊन ऐरोलीला परत आले. ही पहिली चूक.

कारण ती बटणं जोडल्याजोडल्याच काम करतात, फक्त आपल्याला हवं ते नाही करत. ब्राउझरमध्ये एक बटण म्हणजे मागचं पान आणि दुसरं म्हणजे पुढचं. बुधवारी बाबा एका वेबसाइटवरचा मोठा फॉर्म भरत होते, अर्धा तास एका हाताने टाइप केलेलं, माऊस धरताना अंगठा टेकला, पान मागे गेलं आणि सगळं पुसलं. फोनवर बाबा काही बोलले नाहीत फारसं, "असू दे गं, परत लिहीन" एवढंच, पण मला फार लागलं ते.

त्या रात्री आधी ती बटणं बंदच करून टाकली. लांबून त्यांच्या मशीनवर लॉगिन करता येतं मला. एक्सइनपुट नावाचा टर्मिनलमधला (म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतला) प्रोग्राम आहे, त्यात लिस्ट मागितली की जोडलेले सगळे माऊस-कीबोर्ड दिसतात, आणि सेट-बटन-मॅप म्हणून माऊसचं नाव देऊन पुढे आकडे लिहायचे, १ २ ३ ४ ५ ६ ७ ० ०. शेवटचे दोन शून्य म्हणजे आठवं आणि नववं बटण मेलं. इथे माऊसचा नंबर न देता नावच द्या, कारण तो नंबर माऊस काढून परत लावला किंवा मशीन रीस्टार्ट केलं की बदलू शकतो. आणि हे सेटिंगही तेवढ्यापुरतंच टिकतं, रीस्टार्टनंतर परत द्यावं लागतं, म्हणून हा तात्पुरता इलाज.

आता हे आठ आणि नऊ कुठून आले? माऊसला बटणं तर पाच-सहाच. मला हे समजायला वेळ लागला आणि हे समजल्यावरच बाकीचं सोपं झालं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक्स ही लिनक्सवरची पडदा सांभाळणारी जुनी व्यवस्था, १९८४ साली एमआयटीत सुरू झालेली, आणि आज वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिच्यात डावं बटण १, चाकाचं (म्हणजे मधलं) २, उजवं ३. पुढे माऊसला चाक आलं तेव्हा नवीन प्रकार न काढता चाक फिरवणं हेसुद्धा बटण दाबणंच धरलं, वर फिरवलं की ४, खाली फिरवलं की ५, आडवं फिरवलं की ६ आणि ७. त्यामुळे अंगठ्याची बटणं थेट आठ-नऊवर जाऊन बसली. पण ही झाली एक्सची मोजणी. त्याच्या खाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा आहे, त्याची मोजणी वेगळी, तिथे डावं बटण २७२, उजवं २७३, मधलं २७४, आणि अंगठ्याची २७५ आणि २७६, नावं साइड आणि एक्स्ट्रा. म्हणजे एकच बटण, पण कर्नल त्याला २७५ म्हणतो आणि एक्स ८ म्हणतो. एका ठिकाणी वाचलेला आकडा दुसऱ्या ठिकाणच्या प्रोग्रामला दिला की काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही, नुसतं शांत. माझी एक पूर्ण संध्याकाळ यातच गेली.

बघायचं कसं तर एक्सइव्ह चालवा, एक छोटी पांढरी खिडकी उघडते, तिच्यात माऊस नेऊन बटण दाबलं की टर्मिनलमध्ये बटण आणि आकडा उमटतो. कर्नलचा आकडा बघायला एव्हटेस्ट, ते सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) चालवावं लागतं, यादीतला आपला माऊस निवडायचा आणि बटणं दाबत जायचं. काहीही इन्स्टॉल करायच्या आधी एव्हटेस्टमध्ये प्रत्येक बटण एकदा दाबून बघा असं मी आता सगळ्यांना सांगते. बाबांच्या माऊसला चाकाच्या मागे अजून एक छोटं बटण आहे, पॉइंटरचा वेग बदलायचं, ते दाबलं तर एव्हटेस्टमध्ये एक ओळही येत नाही. म्हणजे ते बटण दाबल्याचं माऊस कॉम्प्युटरला कळवतच नाही, आतल्या आत वेग बदलून मोकळा होतो. मग त्याच्यावर कुठलाच प्रोग्राम काही करू शकणार नाही. त्या बटणाला अंडू, म्हणजे शेवटचं केलेलं मागे घेणं, लावायचा माझा बेत होता तो तिथेच संपला.

पुढच्या रविवारची वाट न बघता मी तसलाच दुसरा माऊस घेतला आणि ऐरोलीला माझ्या लॅपटॉपवर प्रयोग सुरू केले. आधी मिंटमध्ये बघून ठेवलं होतं, सिनॅमनच्या (म्हणजे मिंटच्या डेस्कटॉपच्या) माऊसच्या सेटिंगमध्ये डावरा हात, पॉइंटरचा आकार, वेग वगैरे आहे पण जादा बटणांचं काही नाही. मग पायपर हा माऊसची बटणं बदलायचा प्रोग्राम टाकला, दिसायला फार छान आहे, माऊसचं चित्र येतं आणि प्रत्येक बटणावरून रेघ काढून पुढे त्याचं काम लिहिलेलं असतं. पण मला डिव्हाइस सापडत नाही एवढाच निरोप आला. पायपरच्या मागे लिबरॅटबॅग म्हणून लायब्ररी आहे, ती माऊसच्या स्वतःच्या मेमरीत बदल लिहिते, त्यासाठी त्या मॉडेलशी बोलायची भाषा तिला माहीत असावी लागते आणि माझा स्वस्तातला माऊस तिच्या यादीत नाही. ज्यांचा माऊस यादीत आहे त्यांनी मात्र पायपरच वापरावं, कारण बदल माऊसमध्येच लिहिला की तो कुठल्याही मशीनला लावा, बटण तेच काम करणार.

मग आलं एक्सबाइंडकीज, बटण दाबलं की ठरवलेली कमांड चालवणारा प्रोग्राम, ज्याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं. होम फोल्डरमध्ये त्याची एक साधी टेक्स्ट फाइल असते, तिच्यात एका ओळीत चालवायची कमांड आणि पुढच्या ओळीत बी कोलन आठ असं बटण. कमांडच्या जागी एक्सडूटूल घालायचं, ते आपल्यासाठी कीबोर्डच्या कळा दाबतं. सगळं लिहिलं, चालू केलं, काहीच नाही. स्पेलिंग तपासलं, आठच्या जागी नऊ, नऊच्या जागी २७५ सगळं करून बघितलं. मधेच एका जुन्या प्रोग्रामच्या खिडकीत बटण चाललं, ब्राउझरमध्ये गेले तर परत बंद. दोन संध्याकाळी गेल्या यात आणि शेवटी कळलं की माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे आणि त्याचं सेशन वेलँडचं, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेचं आहे, एक्सचं नाही. टर्मिनलमध्ये एक्सडीजी सेशन टाइप हे व्हेरिएबल एको करून बघितलं तर सरळ वेलँड असा शब्द आला, दहा सेकंदांचं काम, ते मी सगळ्यात आधी करायला हवं होतं.

वेलँडमध्ये हे मुद्दामच बंद आहे. एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम इतर सगळ्या प्रोग्राममधली बटणं आणि कळा ऐकू शकतो, म्हणजे तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करताय तेही ऐकू शकतो. वेलँडमध्ये ज्या खिडकीत तुम्ही आहात तिलाच कळ पोचते. एक्सबाइंडकीज आणि एक्सडूटूल दोन्ही एक्सच्या मोकळ्या दारावर उभे आहेत, त्यामुळे वेलँडवर ते फक्त जुन्या एक्स पद्धतीच्या खिडक्यांमध्येच चालतात. मला जे एका खिडकीत चालताना दिसलं ते म्हणूनच. आणि बाबांच्या मिंटवर तर एक्सच आहे! म्हणजे मी लॅपटॉपवर ज्या गोष्टीशी झगडत होते ती तिकडे पहिल्या फटक्यात चालली असती. ज्या मशीनवर वापरायचंय त्याच मशीनवर करून बघायला हवं.

रविवारी सकाळी नौपाड्यात पोचले, पोहे खाता खाता बाबांच्या मशीनवर एक्सबाइंडकीज टाकलं. चाललं, पण एक अडचण आली, बटण दाबलेलं असतानाच कळा पाठवल्या तर कधीकधी पलीकडच्या प्रोग्रामला त्या पोचत नाहीत, कारण त्या क्षणी माऊस एक्सबाइंडकीजने धरून ठेवलेला असतो. बटणाच्या ओळीत पुढे अधिक रिलीज लिहिलं, म्हणजे बटण सोडल्यावर कमांड चालेल, की ती अडचण गेली. बाबांनी एक वाक्य निवडलं, अंगठा दाबला, खाली गेले, दुसरं बटण दाबलं आणि वाक्य आलं. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मला वाटलं झालं काम.

तासाभराने बाबा म्हणाले, "अगं हे मधेच चालतं आणि मधेच नाही." शेजारी बसून बघितलं. इंग्रजी कीबोर्ड असताना बरोबर, मराठीवर गेले की कधी कॉपी होतं कधी नाही. मग लक्षात आलं. बाबा इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीवर टाइप करतात, तिथे सीच्या कळेवर म आहे आणि व्हीच्या कळेवर न. मी पाठवतेय कंट्रोल-सी, पण मराठी लेआउट चालू असताना त्या कळेवर सी नाहीच, तिथे म आहे. बरेच प्रोग्राम हे समजून घेतात, पण मधे एक्सडूटूल आणि लेआउटची अदलाबदल आली की भरवसा नाही. हा त्रास इंग्रजीत टाइप करणाऱ्या कोणालाच येणार नाही, त्यामुळे कुठल्या मार्गदर्शनातही तो लिहिलेला नव्हता, पण मराठी, हिंदी, कन्नड टाइप करणाऱ्या प्रत्येकाला येऊ शकतो.

उपाय मला एका ऑफिसमधल्या सीनियरने कधीतरी शिकवलेल्या जुन्या सवयीत मिळाला. कॉपीसाठी कंट्रोल आणि इन्सर्ट, पेस्टसाठी शिफ्ट आणि इन्सर्ट. ही कंट्रोल-सीची जुनी भावंडं आहेत, लिबरऑफिसमध्ये चालतात, ब्राउझरमध्ये चालतात. आणि यात एकही अक्षर नाही. इन्सर्ट ही कळ इंग्रजीतही इन्सर्ट आणि मराठीतही इन्सर्टच. ते बदललं आणि त्या दिवसापासून लेआउट कुठलंही असो, बटण चुकलेलं नाही.

तरी मी ते एक्सबाइंडकीजवर ठेवलं नाही. माझ्या लॅपटॉपवर आणि बाबांच्या मशीनवर एकच गोष्ट हवी होती, म्हणजे फोनवरून सांगताना मला समोर तेच दिसेल. म्हणून शेवटी दोन्हीकडे इनपुट-रिमॅपर टाकलं. हे एक्स आणि वेलँड दोघांच्याही खाली काम करतं, बटण दाबल्याची खबर कर्नलकडून स्वतः उचलतं, आणि एक खोटा कीबोर्ड तयार करून त्याच्यातून आपल्याला हवी ती कळ पाठवतं. वरच्या व्यवस्थेला वाटतं खरोखरच कोणीतरी इन्सर्ट दाबली. त्याला खिडकी आहे, डिव्हाइस निवडायचं, नवीन प्रीसेट (म्हणजे बदलांचा संच), रेकॉर्ड म्हणून माऊसचं बटण दाबायचं, उजवीकडे काय हवं ते लिहायचं, अप्लाय. आणि ऑटोलोड (मशीन चालू झालं की आपोआप लागू होणं) चालू करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो. नवीन काही करून बघताना मात्र ऑटोलोड बंदच ठेवा, म्हणजे काही बिघडलं तरी रीस्टार्ट केलं की माऊस मूळच्यासारखा होतो. डाव्या बटणाला तर हातच लावू नका.

इथेही एक गोष्ट बाबांच्या हातामुळेच कळली. मी आधी सरळ शिफ्ट अधिक इन्सर्ट लिहिलं होतं. तसं लिहिलं की माऊसचं बटण दाबून आहे तोपर्यंत कळाही दाबलेल्या राहतात, आणि कीबोर्डवर कळ दाबून धरली की अक्षरं येत राहतात तसं पेस्ट होत राहतं. माझा अंगठा पटकन उठतो म्हणून मला कधी दिसलं नाही, बाबांचा सावकाश उठतो, एकच परिच्छेद तीनदा आला. मग त्याच जागी मॅक्रो (कळांचा छोटा लिहिलेला क्रम) लिहिला, मॉडिफाय या शब्दात शिफ्ट आणि त्याच्या आत की म्हणून इन्सर्ट, असं लिहिलं की एका दाबण्याला एकदाच होतं, कितीही वेळ दाबून ठेवा. ज्यांचे हात सावकाश चालतात अशा कोणासाठी करत असाल तर सुरुवातीपासून मॅक्रोच लिहा.

दोन लहान गोष्टी अजून. चाक फिरवताना बाबांकडून ते दाबलं जायचं आणि निवडलेला मजकूर भलत्याच ठिकाणी उमटायचा, कारण लिनक्सवर मधलं बटण म्हणजे निवडलेलं चिकटवणं. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यू इथे मधल्या बटणाला काही काम नाही असं ठेवता येतं, ते ठेवलं. आणि मिंटच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये स्टिकी कीज चालू केल्या, शिफ्ट एकदा दाबून सोडायची आणि मग दुसरी कळ, दोन्ही एकदम दाबायची गरज नाही. इनस्क्रिप्टला हे फार उपयोगी, केच्या कळेवर क आणि शिफ्टसकट ख, असं शिफ्ट सारखंच लागतं. हे मी आजारपणाच्या पहिल्याच आठवड्यात करून द्यायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम आहे आणि इतके महिने बाबा ख लिहिताना थांबत होते.

एक राहिलं होतं, बाबांना न बघता कळत नव्हतं कुठलं बटण कॉपी आणि कुठलं पेस्ट, दोन्ही गुळगुळीत आणि एकाला एक लागून. आईने कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं, खड्याची एक टिकली पुढच्या बटणावर चिकटवली, अंगठ्याला खडा लागला की पेस्ट. चार दिवसांत ती निघते मग आई नवीन लावते.

आता चाकाचं बटण लिबरऑफिसमध्ये मोकळं आहे. बाबा म्हणतात त्याच्यावर मागचं अक्षर खोडायची कळ दे. बॅकस्पेसमध्येही अक्षर नाही म्हणजे लेआउटचा प्रश्न येणार नाही, पण चाक चुकून दाबलं जातं हा प्रश्न आहेच, म्हणून मी त्यांना म्हटलं बाबा तुम्ही आधी आठवडाभर मोजा किती वेळा चुकून दाबलं जातंय. वहीच्या मागच्या पानावर रेघा मारतायत. काल संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या होत्या, आणि कचराळी तलावाचं प्रकरण संपलं होतं.